अनीती आणि तारण : रोमकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय

मनुष्याची अनीती आणि त्याचे तारण या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन पवित्र शास्त्रात कोठे आढळते, असे कोणी विचारले तर संत पौलाने रोम येथील ख्रिस्ती बांधवांना लिहिलेल्या पत्राकडे, त्यातही पहिल्या तीन अध्यायांकडे वळावे लागते. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हे अध्याय जितके वाचले गेले तितकेच ते अर्धवट वाचले गेले, असे आम्हांस वाटते. पहिल्या अध्यायाच्या उत्तरार्धात पापांची एक मोठी यादी आहे. ती वाचून पुष्कळांनी दुसऱ्यांवर आरोपपत्र ठेवले आणि ग्रंथ मिटला. वास्तविक पौलाचा सारा रोख अशाच वाचकाकडे आहे. प्रस्तुत लेखात या अध्यायांची पार्श्वभूमी, त्यांतील मुख्य शब्द आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांचा परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पापासाठी तीन शब्द

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत आपल्या ‘पाप’ या एका शब्दाच्या जागी मुख्यतः तीन शब्द येतात. पहिला ‘हत्ता’, म्हणजे नेम चुकणे. शास्ते या पुस्तकात (२०:१६) बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तेथे ‘चुकणे’ यासाठी जे क्रियापद आहे तेच अन्यत्र ‘पाप करणे’ यासाठी वापरले आहे. दुसरा शब्द ‘आवोन’, म्हणजे वाकडेपणा. सरळ असावयास हवे ते पिळवटले जाणे. तिसरा ‘पेशा’, म्हणजे बंड. धन्याविरुद्ध किंवा कराराविरुद्ध उठणे. स्तोत्र ५१ च्या पहिल्याच ओळींत हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ आले आहेत. प्रायश्चित्तकाळात ते स्तोत्र म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींची क्षमा मागत असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

‘नीतिमान’ या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. मराठीत नीतिमान म्हटले की निष्कलंक चारित्र्याचा, व्यवहारात चोख असा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. हिब्रू ‘सदीक’ या शब्दात हे सारे आहेच. परंतु त्याचा पाया नात्यात आहे. जो नात्याला जागतो तो नीतिमान. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात याचे मोठे धाडसी उदाहरण आहे. यहूदाने आपल्या विधवा सुनेला, तामारला, कुळाच्या रीतीप्रमाणे धाकट्या मुलाशी लग्न लावून देण्याचे वचन दिले आणि ते मोडले. तामारने वेश बदलून, स्वतः यहूदापासूनच संतती मिळवली. ती गरोदर असल्याचे कळताच यहूदाने तिला जाळून टाकण्याचा हुकूम सोडला. पण तिने त्याच्याच मुद्रिकेचा आणि काठीचा पुरावा पुढे ठेवला, तेव्हा ती आपल्यापेक्षा अधिक नीतिमान आहे, हे त्याला सर्वांसमक्ष कबूल करावे लागले. संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तामारचे नाव आवर्जून घातले आहे.

संत पौल ग्रीक भाषेत लिहितो. त्याचा ‘अदिकिया’ हा शब्द आपण ‘अनीती’ असा वाचतो. पत्राच्या १:१८ मध्ये तो एकाच वाक्यात दोनदा येतो, आणि तेथे पौल अनीतीचे पहिले लक्षण सांगतो : सत्य दाबून टाकणे. चोरी, व्यभिचार, खून हे सारे नंतर येते. देव आहे हे कळत असूनही त्याचा गौरव न करणे, त्याचे आभार न मानणे (१:२१), येथून घसरण सुरू होते. कृतघ्नतेला अनीतीचे मूळ मानणारा हा विचार मुळातून वाचण्यासारखा आहे.

पत्र कोणाला आणि का?

हे पत्र पौलाने साधारणपणे इ.स. ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेखनिकाचे नाव तर्तियस. त्याने स्वतःचा नमस्कारही पत्रात घातला आहे (१६:२२). किंख्रिया बंदरातील ख्रिस्तसभेची सेविका फिबी हिची शिफारस १६:१ मध्ये आहे; त्यावरून तिनेच हे पत्र रोमला नेले असावे, असे समजले जाते. पौलाने तोपर्यंत रोम पाहिलेले नव्हते.

रोममधील ख्रिस्ती समुदायात तेव्हा एक अवघडलेपण होते. सम्राट क्लौद्य याने इ.स. ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवून दिले. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे जोडपे त्यामुळेच करिंथला आले, असे प्रेषितांची कृत्ये (१८:२) सांगतात. इ.स. ५४ मध्ये क्लौद्य मरण पावल्यावर हे लोक परतू लागले. मधल्या काळात तेथील ख्रिस्ती समुदाय परराष्ट्रीयांतून आलेल्या बांधवांच्या हाती होता. आता एकाच प्रार्थनागृहात दोन गट समोरासमोर आले. एकाला आपल्या नियमशास्त्राचा आणि पूर्वजांचा अभिमान, तर दुसऱ्याला आपल्या मोकळेपणाचा. काय खावे, कोणता दिवस पाळावा यावरून एकमेकांना दोष देणे चालले होते, हे चौदाव्या अध्यायावरून दिसते. जेथे जुने आणि नवे रहिवासी एकाच धर्मग्रामात राहतात, तेथील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

बोट फिरते

हा संदर्भ मनात ठेवून १:१८ पासून वाचावे. मूर्तिपूजा, वासनांध वर्तन, लोभ, मत्सर, खून, कलह, कपट, आईबापांची अवज्ञा अशा दोषांचा पाढा पौल वाचतो. परराष्ट्रीयांच्या अनीतीचे असे वर्णन यहुदी वाचकांच्या परिचयाचे होते. आपल्या कॅथोलिक बायबलमधील ज्ञानग्रंथाच्या १३ व १४ या अध्यायांत ते जवळजवळ याच क्रमाने आढळते. रोममधील यहुदी ख्रिस्ती बांधव ते ऐकताना मान डोलावत असतील. या यादीत खुनी माणसाच्या शेजारीच चहाडखोर आणि निंदक बसविले आहेत, हे मात्र त्या मान डोलावण्यात निसटून गेले असावे. आजही निसटते.

आणि मग पुढच्याच वाक्यात (२:१) पौल वळतो. दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसाला तो एकेरीत हाक मारतो आणि सांगतो की तुलाही सबब उरलेली नाही, कारण ज्या गोष्टींसाठी तू दुसऱ्याला दोषी ठरवतोस त्याच तूही करतोस. आतापर्यंत साक्षीदार म्हणून बसलेला श्रोता एकाएकी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

दुर्दैवाने आपल्या बायबलमध्ये नेमके येथेच नवे प्रकरण सुरू होते. पौलाने प्रकरणे पाडलेली नव्हती. आज प्रचलित असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या प्रारंभी स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते, आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक पॅरिसचा मुद्रक रॉबेर एस्तिएन याने १५५१ साली घातले. सोय मोठी झाली. परंतु पहिल्या अध्यायाच्या शेवटी थांबणारा वाचक सापळा लागण्याआधीच बाहेर पडतो. परक्यांवर, विशेषतः ज्यांचे जीवन आपल्याला समजत नाही अशांवर, हा अध्याय फेकून मारणाऱ्यांनी बहुधा २:१ वाचलेले नसते. ख्रिस्तसभेच्या उपासनेत मात्र हा धागा जपलेला आहे. सामान्य काळाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात, विषम वर्षी, मंगळवारी रोम. १:१६-२५ वाचले जाते, बुधवारी लगेच २:१-११ आणि गुरुवारी ३:२१-३०. दररोजच्या मिस्साला येणाऱ्यांना ही तीन पावले सलग टाकता येतात.

ही पद्धत पौलाने संदेष्ट्यांकडून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. इ.स.पूर्व आठव्या शतकात आमोस हा तकोवाचा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएल राज्यात गेला. त्याने दिमिष्काचे अपराध सांगितले, मग गज्जाचे, सोरचे, अदोमचे, अम्मोनचे, मवाबचे. सगळे शेजारी, सगळे शत्रू. नंतर यहूदाचे राज्य. ऐकणाऱ्यांचा उत्साह वाढत गेला असणार. आठव्या आणि शेवटच्या खेपेस त्याने इस्राएलचेच नाव घेतले : तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकता, गहाण ठेवून घेतलेल्या कपड्यांवर वेदीशेजारी लोळता (आमोस २:६-८). नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला हेच केले. उरीयाला मारवून बथशेबाला घरात आणलेल्या राजाला त्याने गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंत माणसाला मृत्युदंड योग्य आहे आणि त्याने चौपट भरपाई दिली पाहिजे, असे बोलून गेला. राजाने ज्याला शिक्षा सुनावली तो माणूस राजाच होता, हे नाथानने मग सांगितले (२ शमुवेल १२). हा चौपटीचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

दुसऱ्या अध्यायातील कठोर शब्द यहुदी समाजाविरुद्ध वापरण्याचा अनर्थही इतिहासात घडला. पौल स्वतः यहुदी होता आणि आपल्याच घरातील माणसांशी तो बोलत होता. देवाची दाने व बोलावणे मागे घेतली जात नाहीत, हे त्याने त्याच पत्रात (११:२९) लिहिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात त्याचाच आधार घेतला. याच अध्यायात (२:१४-१५) परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाचाही उल्लेख आहे. ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान त्यांच्या दोषाशिवाय पोहोचले नाही, पण जे सरळ मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकाच्या आवाजाप्रमाणे कृपेच्या साहाय्याने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, अशी विश्वपरिषदेची शिकवण (‘लुमेन जेन्सियुम’, १६) आहे. अन्य धर्मीय शेजाऱ्यांसमवेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दिलासा मोठा आहे.

कोणीही शोध करीत नाही?

तिसऱ्या अध्यायात (३:१०-१८) पौल स्तोत्रांतील आणि यशयाच्या ग्रंथातील वचनांची एक माळ ओवतो. नीतिमान कोणी नाही, एकही नाही, हा तिचा आशय. त्यात कंठ, जीभ, ओठ, तोंड, पाय आणि डोळे अशी शरीराची अंगे एकेक करून येतात. सहांपैकी चार बोलण्याची. अनीती प्रथम जिभेवर वस्ती करते, असे त्याला सुचवावयाचे असावे.

याच माळेत, देवाचा शोध करणारा कोणी नाही, असेही म्हटले आहे. मग मनुष्याच्या आध्यात्मिक शोधाला काहीच अर्थ नाही काय? तसे नव्हे. अथेन्समध्ये बोलताना तोच पौल मान्य करतो की मनुष्याने चाचपडत का होईना देवाला शोधावे, अशी देवाचीच योजना आहे, आणि तो आपल्यापैकी कोणापासून दूर नाही (प्रेषितांची कृत्ये १७:२७). मात्र पवित्र शास्त्रात शोधाचे पहिले पाऊल मनुष्याचे नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात झाडांआड लपतो तो आदाम. तू कोठे आहेस, असे विचारतो तो देव. तारणाच्या इतिहासातला पहिला प्रश्न देवाने विचारलेला आहे.

३:२१ पासून पत्राचा सूर पालटतो. आता नियमशास्त्रावाचून देवाचे नीतिमत्त्व प्रकट झाले आहे, असे पौल लिहितो. सर्वांनी पाप केले आहे आणि सर्व जण त्याच्या कृपेने, फुकट, ख्रिस्त येशूमधील खंडणीद्वारे नीतिमान ठरविले जातात. येथे तीन प्रतिमा एकत्र आल्या आहेत. ‘नीतिमान ठरविणे’ ही न्यायालयाची. ‘खंडणी भरून सोडवणे’ ही गुलामांच्या बाजाराची. ‘हिलास्तेरिओन’ (३:२५) ही मंदिराची. कराराच्या कोशावरील सोन्याच्या झाकणाला, दयासनाला, ग्रीक बायबलमध्ये हा शब्द आहे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक परमपवित्रस्थानात जाऊन त्यावर रक्त शिंपडीत असे (लेवीय १६). पौलाच्या काळी तो कोश मंदिरात नव्हता, इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर जाळल्यानंतर दुसऱ्या मंदिरातील ती जागा रिकामीच राहिली. पौल सांगतो की देवाने ख्रिस्तालाच दयासन म्हणून सर्वांसमोर ठेवले. जे पडद्याआड होते ते गुलगोथाच्या टेकडीवर उघड्यावर आले.

आपल्या भाषेने येथे नकळत एक भेट दिली आहे. ‘तारण’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत वापरतो आणि पतपेढीतही. दागिने तारण ठेवून कर्ज काढणे आणि ऋण फिटल्यावर ते सोडवून आणणे, हे घरोघरी ठाऊक आहे. धार्मिक अर्थाचा ‘तारण’ हा तारणे, तरून नेणे यांवरून आला; तरी गहाण पडलेली मौल्यवान वस्तू दुसऱ्या कोणी ऋण भरून सोडवावी, ही कल्पना पौलाच्या शब्दाशी चांगली जुळते. मराठीत तारणाची कथा प्रथम विस्ताराने गाणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांनीही ‘मुक्ती’, ‘वैकुंठ’ हे इथलेच शब्द जवळ केले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले.

विश्वास आणि कृत्ये

मनुष्य नीतिमान कसा ठरतो यावरून पुढे मोठे वाद झाले. मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर पापमुक्त जीवन जगू शकतो, असे मानणाऱ्या पेलागियसच्या मताला संत ऑगस्टीन यांनी विरोध केला आणि कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ साली ते नाकारले. मार्टिन ल्यूथर यांनी १५१५-१६ मध्ये विटेनबर्ग येथे याच पत्रावर व्याख्याने दिली. त्यानंतरचा फाटाफुटीचा इतिहास सर्वश्रुत आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर आपला निर्णय प्रसिद्ध केला. पुष्कळ कॅथोलिकांची समजूत अशी की ट्रेंटने ‘कृत्यांनी तारण’ शिकविले. तसे नाही. नीतिमान ठरण्याआधीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कृत्य, ती कृपा कमावू शकत नाही, असे ती परिषद स्पष्ट सांगते. त्याचबरोबर, देव मनुष्याला केवळ निर्दोष घोषित करून थांबत नाही, तर त्याला आतून नवे करतो, हा तिचा आग्रह आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपला स्वीकार कृपेनेच होतो, आपल्या गुणांमुळे नव्हे, आणि ती कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करते, हे दोहोंनी एकत्र मान्य केले. मेथोडिस्ट मंडळ्या २००६ साली आणि सुधारित मंडळ्या २०१७ साली त्यात सामील झाल्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १९ नोव्हेंबर २००८ च्या धर्मशिक्षणात सांगितले की विश्वासाला प्रीतीच्या विरोधात उभे केले नाही तर ल्यूथर यांचे ‘केवळ विश्वासाने’ हे म्हणणे खरे आहे. साडेचारशेहून अधिक वर्षांच्या भांडणानंतर हे घडले, याचे महत्त्व आपल्या धर्मग्रामांत अजून पुरेसे पोहोचलेले नाही, अशी आमची खंत आहे.

अनीती केवळ व्यक्तीच्या मनात राहत नाही, याचीही ख्रिस्तसभेने दखल घेतली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या ‘सोलिचितुदो रेई सोचियालिस’ या परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ हा शब्दप्रयोग केला. जोड्याच्या किमतीत गरीब विकणाऱ्या आमोसच्या काळच्या बाजारालाही तो लागू पडतो. अशा संरचना व्यक्तींच्याच पापांतून उभ्या राहतात, असे ते बजावतात. त्यामुळे ‘व्यवस्थाच तशी आहे’ ही सबबही उरत नाही.

आता तो चौपटीचा आकडा. संत लूकच्या शुभवर्तमानात (१८:९-१४) परूशी आणि जकातदार यांचा दाखला आहे. दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. मिस्साच्या प्रारंभी आपण छातीला हात लावतो तो त्याच्याच पंक्तीत. मात्र ‘आपण त्या परूश्यासारखे नाही, हे बरे झाले,’ असे मनात आले की आपण पुन्हा परूश्याच्या जागी जाऊन उभे राहतो. दाखल्याची रचनाच तशी आहे. दाखल्यातल्या जकातदाराने पुढे काय केले ते कळत नाही, पण पुढच्याच अध्यायात एक खराखुरा मुख्य जकातदार भेटतो. यरीहोचा जक्कय येशूला पाहावयास म्हणून उंबरावर चढला होता. शोध त्याचा होता, असे त्याला वाटले. मनुष्याचा पुत्र हरवलेले शोधावयास आला आहे, असे येशूने प्रसंगाच्या शेवटी सांगितले. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी मुक्काम ठरविला तेव्हा जक्कयने एक पैसाही परत केलेला नव्हता. आधी स्वीकार झाला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट, हे नंतर आले. दावीदने दुसऱ्याला सुनावलेली भरपाई जक्कयने स्वतःच्या तोंडाने स्वतःला सुनावली. पाहणारे सगळे मात्र कुरकुर करीत राहिले, की हा पापी माणसाकडे पाहुणा म्हणून गेला. त्यांच्यापैकी कोणी नंतर त्या घरात पाऊल टाकले किंवा नाही, हे लूकने लिहिलेले नाही.